मदत हवी आहे: 'बेंडनंतर माप जुळत नाही' या तक्रारीतून नेमकी चूक कशी शोधावी?

नमस्कार मंडळी. शीट मेटलचा फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याचा आकार) काढणाऱ्या आमच्या प्लगइनबद्दल सर्वांत जास्त येणारी तक्रार शीर्षकात आहे. सोबत ड्रॉइंग येतं, पण प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) कुठली व्ही-डाय (व्ही आकाराच्या खाचेचा खालचा साचा) लावली ते कधीच नाही. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना, बेंडची आतली त्रिज्या डायवरूनच ठरते (एमएसला, म्हणजे माइल्ड स्टीलला, ढोबळमानाने व्ही-रुंदीच्या १६ टक्के), मॉडेलमध्ये काहीही लिहा.

पत्रा २ मिमी, त्रिज्या २ मिमी, ९० अंश: के-फॅक्टर (वाकताना न ताणला, न दबला जाणारा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे, ते गुणोत्तर) ०.४४ ऐवजी ०.३८ धरला की बेंडमागे ०.१९ मिमी फरक. एकाच दिशेत चार बेंड असले की पाऊण मिमी.

दहा रकान्यांचा फॉर्म करून पाहिला. डिझायनर अर्धवट सोडतात, कारण मशीनची माहिती त्यांच्याकडे नसतेच. १०० मिमी पट्टीला एक बेंड मारून दोन्ही बाजू मोजायला सांगितल्या, ते बरंच उपयोगी पडलं. पण कोन ८९ आला की ९१, हे कुणी बघत नाही.

ग्राहकांची ड्रॉइंग्ज गोपनीय आहेत, मशीनपाशी इंटरनेट नाही, आणि जुन्या फायलींचं बेंड टेबल (बेंडमागे किती लांबी धरायची त्याचा तक्ता) बदलता येणार नाही.

ऑपरेटरकडून कमीत कमी कोणती मापं मागवली, तर चूक के-फॅक्टरची, त्रिज्येची की कोनाची, हे वेगळं काढता येईल?