मदत हवी आहे: रेंडर लावला की प्रोसेसर १०० डिग्रीवर, कूलर बदलू की कॅबिनेट?

नमस्कार मंडळी, इथे हार्डवेअरमधले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा प्लीज.

मी घरून इंटिरिअरचे थ्रीडी रेंडर (कॉम्प्युटरवर तयार केलेली खोलीची चित्रं) करून देते. धायरीला राहतो आम्ही, सगळ्यात वरचा मजला, स्लॅब दिवसभर तापतो आणि आत्ता मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला खोलीत ३५ डिग्री असतं. मशीन असं आहे: इंटेल आय७ १२७००, बी६६० बोर्ड, ३२ जीबी रॅम, प्रोसेसरच्या बॉक्समध्ये आलेलाच फॅन. कॅबिनेटला पुढून काच, त्यामागे तीन लाइटवाले फॅन आणि मागे एक. असेंबल एका दुकानातून करून घेतलं होतं.

त्रास असा की ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर (म्हणजे प्रोसेसरवर) रेंडर लावला की अर्ध्या मिनिटाच्या आत एचडब्ल्यूइन्फो या तापमान बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये १०० दाखवतं आणि तिथेच बसतं, थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग आपोआप कमी होणं) पुढे "येस" येतं, क्लॉक म्हणजे प्रोसेसरचा वेग ३ गिगाहर्ट्झच्या आसपास उतरतो आणि फॅनचा आवाज तर इतका की शेजारच्या खोलीत सासूबाई विचारतात काय चालू आहे. काही काम नसताना सुद्धा ५० च्या खाली येत नाही. हिवाळ्यात जो सीन संध्याकाळपर्यंत उरकायचा तो आता रात्री जेवणानंतरही चालूच असतो आणि क्लायंटला तारीख दिलेली असते, त्याला काय सांगणार की पुण्यात ऊन वाढलंय.

दुकानात विचारलं तर म्हणाले इंटेलला हे नॉर्मल आहे, फारच वाटत असेल तर वॉटर कूलिंग बसवा, आठ-नऊ हजार. मला एकदम एवढा खर्च नाही करायचा. तर प्रश्न असे की १०० वर रोज चालवल्याने प्रोसेसर जळेल का, आणि पैसे आधी कशात घालू, कूलर, कॅबिनेट का फक्त पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात ती)? बजेट अडीच-तीन हजार. दिवसभराचं काम याच्यावर आहे हो, बंद पडलं तर सगळंच अडेल.

सदाशिवपेठी
साइडचं झाकण काढून टेबल फॅन लावा ताई, आमच्याकडे उन्हाळाभर असंच चालतं. फक्त खोलीतला पाण्याचा कूलर मशीनच्या तोंडासमोर ठेवू नका, ओली हवा आणि धूळ मिळून फिन्सवर (कूलरच्या पातळ पट्ट्यांवर) थर बसतो तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही.

वारजेकर
ताई, आधी घाबरायचं कारण नाही ते सांगतो. १२७०० ची कमाल मर्यादा १०० डिग्रीच आहे, तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक कमी करतो आणि त्याच्याही वर गेला तर मशीन बंद करतो, म्हणजे एकदम जळणार वगैरे नाही. पण रोज तासन्‌तास तिथे ठेवणं चांगलं नाहीच, आजूबाजूचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज देणारे बोर्डावरचे भाग) आणि कपॅसिटर पण त्याच उष्णतेत शिजतात आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे तुम्ही पैसे मोजलेत तो स्पीडच तुम्हाला मिळत नाहीये.

आता मुख्य गोष्ट. या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं ती बेस पॉवर, टर्बोमध्ये (वेग वाढवून चालताना) इंटेलचाच आकडा १८० वॅट आहे. शिवाय बरेच बोर्ड ती लिमिट डिफॉल्टला उघडीच ठेवतात, काही बोर्ड पहिल्यांदा बायोस (बोर्डाच्या सेटिंगचा स्क्रीन) उघडलं की कूलर कुठला आहे ते विचारतात आणि तिथे कोणी वॉटर कूलर निवडलं की लिमिट ४०९६ वॅट होते, म्हणजे लिमिटच नाही. बॉक्समधल्या फॅनला एकही हीटपाइप (उष्णता वाहून नेणारी नळी) नाही, तो बिचारा १८० वॅट कुठून काढणार. त्यामुळे दुकानदाराचं "नॉर्मल" अर्धंच खरं आहे.

खर्च करायच्या आधी एक टेस्ट करा. आत्ता तापमान १०० ला अडकलंय त्यामुळे झाकण उघडून बघितलंत तरी आकडा १००च दिसेल आणि काहीच कळणार नाही. म्हणून बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ (या त्याच पॉवर लिमिट) दोन्ही ६५ वॅटवर बांधा, सिनेबेंच हे प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं टेस्ट सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा, एकदा झाकण लावून आणि एकदा काढून, खोलीचं तापमान पण लिहून ठेवा. झाकण काढल्यावर दहाएक डिग्री उतरलं तर दोष कॅबिनेटच्या हवेत आहे. दोन-तीनच उतरलं तर कूलर किंवा तो बसवण्यात.

धागाकर्ती
दादा खूप आभार, इतकं नीट समजावून कोणी सांगितलं नव्हतं. बायोसमध्ये खरंच दोन्हीकडे ४०९६ होतं! ६५ वर बांधून टेस्ट केली, खोली ३४, झाकण लावून ८७ आणि काढून ८४. म्हणजे कॅबिनेट नाही ना?

वारजेकर
मुख्य दोष कॅबिनेट नाही. आणि ६५ वॅटला ८७ हे त्या फॅनसाठी सुद्धा जास्तच आहे. मशीन बंद करा, वायर काढा आणि कूलरच्या चारही कोपऱ्यांना बोटाने हलकं हलवून बघा. त्याला चार पुश पिन असतात, बोर्डाच्या मागून बघितलं तर प्रत्येक पिनचा काळा खिळा पांढऱ्या पायांच्या मधून आरपार आलेला दिसायला हवा.

धागाकर्ती
दादा, रॅमच्या बाजूचा वरचा कोपरा हलतोय!! मोबाइलचा टॉर्च लावून मागून बघितलं, तीन ठिकाणी काळा खिळा दिसतो आणि चौथ्या ठिकाणी नुसते पांढरे पाय, ते पण पूर्ण बाहेर आलेले नाहीत. म्हणजे पहिल्या दिवसापासून तीनच पायांवर चालू होतं. आता नुसतं दाबून बसवू का?

वारजेकर
दाबू नका. एकदा हललेल्या पेस्टमध्ये हवा शिरते, त्यामुळे काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि नवीन लावायची. आणि काढणारच आहात तर तोच फॅन परत लावण्यापेक्षा चार हीटपाइपवाला सिंगल टॉवर (उभा कूलर) घ्या, डीपकूल एजी४०० साधारण दोन हजाराच्या आसपास मिळतो आणि तुमच्या प्रोसेसरच्या १७०० सॉकेटला बसतो. त्याची उंची १५० मिलिमीटर आहे, तेवढी जागा कॅबिनेटमध्ये आहे का ते बोर्डापासून साइडच्या झाकणापर्यंत पट्टी लावून आधी मोजा. तो मागून ब्रॅकेट लावून स्क्रूने बसतो, पिनची भानगडच नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच बाजू पूर्ण आवळू नका. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते.

मग पीएल१ आणि पीएल२ दोन्ही १२५ वॅटवर ठेवा. १८० पर्यंत न्यायची गरज नाही कारण शेवटच्या दोन-तीनशे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे वॅट खूप जातात आणि रेंडरला त्या मानाने फार थोडा फायदा होतो.

धागाकर्ती
अपडेट देते. टिळक रोडवरून कूलर आणला, भावाने आणि मी मिळून बसवला, बोर्ड बाहेर काढावा लागला नाही कारण कॅबिनेटला मागून खिडकी आहे. पुढच्या जाळीचा फिल्टर पण काढला, आमच्या समोर बिल्डिंगचं काम चालू आहे त्यामुळे त्याच्यावर सिमेंटच्या रंगाचा जाड थर होता, धुऊन पूर्ण वाळवून लावला.

आता खोली ३४ असताना ६५ वॅटला ६१, १२५ वॅटला तासभर रेंडर चालवून ८४ आणि क्लॉक ४ च्या वर टिकून आहे. थ्रॉटलिंग "नो". काम नसताना ४२. आवाज इतका कमी झाला की मी आधी फॅन फिरतोय का ते बघितलं. कालचा किचनचा सीन साडेसहालाच झाला, क्लायंटला वेळेत पाठवला. वारजेकर दादा, तुमचे किती आभार मानू.

वारजेकर
मस्त! ३४ च्या खोलीत ८४ एकदम ठीक आहे. खोलीचं तापमान जेवढं उतरेल जवळपास तेवढंच प्रोसेसरचं पण उतरतं, म्हणजे डिसेंबरात हेच सत्तरच्या आसपास दिसेल. फिल्टर मात्र ते बांधकाम संपेपर्यंत महिन्याला धूत जा.

हिंजवडी_फेज३
धाग्यात घुसतोय सॉरी, पण माझा प्रोसेसर एएमडीचा रायझन ७ ७७००एक्स आहे, टॉवर कूलर चांगला आहे, पेस्ट नवीन आहे, तरी कोड कंपाइल करताना सरळ ९५ ला जातो. माझीपण पिन सुटली असेल का?

वारजेकर
तुमची केस वेगळी आहे. ७००० सिरीजचे एक्स प्रोसेसर पूर्ण लोडला ९५ पर्यंत जायचे असेच बनवलेत, जागा मिळाली की ते क्लॉक वाढवत राहतात, म्हणून कूलर कितीही मोठा लावला तरी आकडा फारसा हलत नाही. बायोसमध्ये इको मोड (कमी पॉवरवर चालवायचं सेटिंग) ६५ वॅट निवडा, मग सॉकेटची पॉवर १४२ वरून ८८ वॅटवर येते, तापमान बरंच उतरेल आणि कंपाइलला फार फरक पडणार नाही. आधी तेवढं करून आकडे टाका, खोलीच्या तापमानासकट.