आरपीजीचा (ज्यात आपण एका पात्राची भूमिका घेऊन खेळतो अशा व्हिडिओ गेमचा) नायक सुरुवातीला कैदीच का असतो?

कंदील
२०११ चा ‘स्कायरिम’ मी नुकताच पुन्हा खेळायला घेतला. हात बांधून घोडागाडीतून वधस्थळाकडे नेले जात असताना मान वळवून इकडेतिकडे पाहण्यापलीकडे काहीच करता येत नाही, आणि पुढे ड्रॅगन येणार हे ठाऊक असल्यामुळे तो प्रवास संपता संपत नाही. याच मालिकेतील ‘मॉरोविंड’ (२००२) आणि ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) यांचे नायकही कैदीच आहेत. लेखकांना दुसरे काही सुचत नाही, की यामागे काही हेतू आहे?

सांजवात
हेतू आहे. कैद्याचा भूतकाळ लेखकाला सांगावा लागत नाही, तो खेळणाऱ्याने आपल्या मनाने भरायचा असतो. मात्र ‘मॉरोविंड’मध्ये ही युक्ती अधिक नेटकी वाटते. जहाजातून सेडा नीनला उतरल्यावर सरकारी कचेरीतला वयस्कर कारकून तुमचा पेशा आणि जन्मरास विचारतो, त्यामुळे पात्राची जडणघडण हाच सुटकेच्या कागदपत्रांचा भाग होऊन जातो. मग बाल्मोरातील एका माणसाला पुडके पोहोचवायला सांगून तुम्हाला मोकळे सोडतात. ते कधी पोहोचवायचे, हे तुम्हीच ठरवता.

जुनी_कॅसेट
माझ्या मते १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’ने कैदेचा याहून चांगला उपयोग केला, कारण तिथे कैद आरंभी येत नाही. आई झोपेतून उठवते, तुम्ही राज्याच्या हजाराव्या वर्षाच्या जत्रेला जाता, एका मुलीला धडकता आणि तिचे पदक खाली पडते. आधी तिची विचारपूस करायची की पदक उचलायचे? मेजावर ठेवलेले कोणाचे तरी जेवण खायचे का? हरवलेले मांजर एका लहान मुलीला शोधून द्यायचे का? या गोष्टी त्या वेळी किरकोळ वाटतात, पण धडकलेली ती मुलगी राजकन्या निघते आणि नंतर तिच्या अपहरणाचा खटला तुमच्यावर उभा राहिला की जत्रेतलीच माणसे साक्षीला येतात. (निकाल काहीही लागला तरी तुरुंग चुकत नाही, ही गोष्ट वेगळी.)

पाणपोई
घाई लावणारी सुरुवातही असते. १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये तळघरातल्या वस्तीचे पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते आणि नवी आणायला १५० दिवस मिळतात. मला ती मुदत जाचक वाटली, पण वाळवंटात भटकताना तिचा विसर कधी पडला नाही.

कंदील
जुनी_कॅसेट, ते जेवण मी खाल्ले होते. साक्षीदार उभा राहिला तेव्हा कुठे आठवले.