मदत हवी आहे : विहिरीचं पाणी कुणाचं? (संसाधनांचं मालकीनुसार वर्गीकरण)

नमस्कार मंडळी,

भाचीला प्रकल्पासाठी नैसर्गिक संसाधनांचा तक्ता करायचाय. रकाने चार : वैयक्तिक, सामुदायिक, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय. मला वाटलं अर्ध्या तासात उरकेल. शेतजमीन पहिल्यात, गावाचं कुरण दुसऱ्यात, राखीव जंगल तिसऱ्यात. मग भाचीबाईंनी विचारलं, "मामा, विहीर शेताच्या मालकाची, पण झरे तर शेजाऱ्याच्या जमिनीखालूनही येतात. मग पाणी कुणाचं?" झालं, तिथेच अडलोय.

खनिजांचंही तेच. बहुतेक देशांत जमिनीखालची खनिजं सरकारच्या मालकीची असतात, पण अमेरिकेत ती जमीनमालकाचीही असू शकतात, आणि वरची जमीन स्वतःकडे ठेवून खालचे हक्क वेगळे विकताही येतात! मग 'खनिज तेल' कुठल्या रकान्यात टाकू?

तिसरा घोळ समुद्राचा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल आणि २०० सागरी मैल असे दोन आकडे सापडले. नेमकं कोणतं 'राष्ट्रीय'?

*प्रतिसाद १ :*
दोन्ही, पण सारखे नाहीत. १९८२च्या सागरी कायद्याच्या करारानुसार १२ मैलांपर्यंत देशाचं सार्वभौमत्व. त्यापुढे २०० मैलांपर्यंतच्या पट्ट्यात मासे, तेल, वायू काढण्याचा हक्क फक्त त्या देशाचा, पण जहाजं सगळ्यांची जाऊ शकतात. तक्त्यात दोन्ही राष्ट्रीयमध्ये टाका, शेजारी छोटी टीप द्या.
आंतरराष्ट्रीयमध्येही दोन तऱ्हा आहेत. खुल्या समुद्रातले मासे कुणाचेच नाहीत, नियम पाळून जो पकडेल त्याचे. कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणारा समुद्रतळ मात्र मानवजातीचा सामाईक वारसा मानलाय. तिथली खनिजं काढायची तर जमैकातल्या किंग्स्टनला असलेल्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाशी करार करावा लागतो.

*प्रतिसाद २ :*
विहिरीबद्दल : वस्तूऐवजी हक्क लिहा. 'विहीर (बांधकाम)' वैयक्तिक, 'भूजल' वेगळ्या ओळीत. भूजल कुणाचं, हे देशागणिक बदलतं. कुठे जमीनमालकाला उपसायचा हक्क, कुठे सरकारी परवाना. खनिज तेलालाही हेच लावा, देशाचं नाव कंसात टाकून.
आणि 'सामुदायिक' म्हणजे 'कुणीही या, काहीही न्या' असं तिला लिहू देऊ नका. ही चूक फार जण करतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी : गुरं किती सोडायची, पाटाचं पाणी कुणी कधी घ्यायचं, हे नियम लोक स्वतः ठरवतात आणि पाळायलाही लावतात.

*धागाकर्ता :*
दोघांचे आभार. भूजलाची वेगळी ओळ केली, कुरणाचे नियमही लिहिले. आता ती विचारतेय, हवा कुठल्या रकान्यात? मी सध्या चहा करायला उठलोय, कुणी सांगेल का?