सोरा पाण्यात विरघळवला, ३४.९ ऐवजी २४ का येतंय?

बीकरभर_गोंधळ
एक मोल (कण मोजायचं रसायनातलं एकक) सोरा विरघळताना किती उष्णता लागते ते मोजत होतो. १०.१ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच सोरा, घेतलं म्हणजे ०.१ मोल, १०० मिली पाण्यात टाकलं, साधा काचेचा बीकर, आणि काचकांडीने ढवळत बसलो. पाणी आधी २७.० ला होतं, उतरत उतरत २१.२ ला थांबलं आणि मग परत चढायला लागलं म्हणून फरक ५.८ धरला. १०० ग्रॅम पाणी गुणिले ४.१८ (पाण्याची स्पेसिफिक हीट, म्हणजे एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारे ज्यूल) गुणिले ५.८ = २४२४ ज्यूल, म्हणजे मोलला २४.२ किलोज्यूल, तेही मायनसमध्ये. पुस्तकात ३४.९ आहे आणि प्लस आहे. दोनदा केलं, तेच. बीकर बाहेरून मस्त गार लागत होता, त्यामुळे काहीतरी होतंय हे नक्की. कुठे चुकतोय?

काचकांडी
बीकर गार लागत होता ना, तिथेच उत्तर आहे. मिठाने (म्हणजे तुझ्या सोऱ्याने) उष्णता फक्त पाण्याकडून नाही घेतली, काचेकडूनही घेतली, आणि ती तू हिशोबात धरलीच नाहीस. आधी सोपी चूक बघ, गार झालं ते द्रावण, म्हणून वस्तुमान ११०.१ ग्रॅम धरायचं, तेवढ्यानेच २६.७ होतात. आता बीकर समज १०० ग्रॅमचा आहे, काचेची स्पेसिफिक हीट साधारण ०.८४, म्हणजे आणखी ४८७ ज्यूल. झाले ३१.६! (सगळी काच तेवढी गार होत नाही, त्यामुळे हा आकडा जरा उदार आहे.)
चिन्हाचं म्हणशील तर पाण्याने गमावलं ते मिठाने कमावलं. पाण्याचं मायनस, म्हणून डेल्टा एच (विरघळताना मिठाने घेतलेली उष्णता) प्लस. यात सगळेच एकदा आपटतात.

उरलेली_उष्णता
बीकर सोड रे, थर्मोकोलचे दोन कप एकात एक घाल, वर भोक पाडलेलं झाकण. आणि खडे कुटून बारीक पूड कर, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण खडे विरघळायला तीन-चार मिनिटं लागली तर तेवढ्या वेळात बाहेरची उष्णता आत येत राहते आणि तुला दिसणारं २१.२ हे खरं तळाचं तापमान नसतंच. मीठ टाकायच्या आधी चार मिनिटं दर ३० सेकंदाला तापमान लिही, नंतर आठ-दहा मिनिटं लिही, आलेख काढ. नंतरची हळूहळू चढणारी रेघ मागे मीठ टाकल्याच्या क्षणापर्यंत वाढव, ती जिथे टेकेल ते खरं शेवटचं तापमान.
कपाची उष्माधारकता (अंशाला तो स्वतः किती ज्यूल घेतो ते) पण काढून ठेव. कपात ५० ग्रॅम पाणी २५ चं, त्यात ५० ग्रॅम ४५ चं ओतायचं. कपाने काहीच घेतलं नाही तर ३५ यायला हवं. माझ्याकडे ३४.६ आलं होतं, म्हणजे अंशाला १७ ज्यूल कपाचे.

बीकरभर_गोंधळ
केलं! पूड, दोन कप, आलेख, सगळं. रेघ मागे नेल्यावर फरक ७.१ आला. माझा कपही १७ च्याच आसपास, सगळं धरून ३३.९. आईशप्पथ, एका कपाने एवढा फरक?

शंकेखोर_रेणू
अभिनंदन, पण ३३.९ बघून फार उड्या मारू नकोस. तू द्रावणाची स्पेसिफिक हीट पाण्याचीच ४.१८ धरलीस, एवढं मीठ असलेल्या द्रावणाची ती कमी असते, म्हणजे तुझा आकडा मुळात थोडा फुगलेला आहे. आणि पुस्तकातला ३४.९ अतिशय विरल द्रावणाचा. तुझ्यासारखं १०० ग्रॅम पाण्यात ०.१ मोल घातलं की या मिठाचा खरा आकडाच त्याच्या खाली असतो. दोन गोष्टींनी एकमेकींना झाकून घेतलंय. निम्मं मीठ घेऊन परत कर, पण मग फरक साडेतीनच्या आसपास येईल आणि एक अंशाच्या खुणांचा थर्मामीटर असेल तर वाचनातली चूकच सगळं खाऊन टाकेल, ०.१ चा लागेल.
साध्या मिठावर तर हा प्रयोग करूच नकोस. सोडियम क्लोराइडचा आकडा ३.९, फरक एक अंशही येत नाही.

बीकरभर_गोंधळ
कॅल्शियम क्लोराइड करायचा विचार होता, ते गरम होतं ना?

काचकांडी
बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाच. निर्जल असेल तर चांगलंच तापतं, पण सहा रेणू पाणी आधीच धरून बसलेलं असेल तर तेही गारच करतं. पाण्याशी जुळण्यात जी उष्णता सुटते, ती त्याने आधीच खर्चून टाकलेली असते.