ग्रीसचं २०१५ चं सार्वमत: मतपत्रिकेवरचा प्रश्न न्याय्य होता का?

कोरापान

५ जुलै २०१५ ला ग्रीक जनतेने बेलआउटच्या, म्हणजे कर्जात बुडालेल्या देशाला अटी घालून दिलेल्या बचावकर्जाच्या, अटींवर मतदान केलं. मतपत्रिकेवरचा प्रश्न मराठीत साधारण असा होईल: 'युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी २५ जून २०१५ च्या युरोग्रुप (युरो वापरणाऱ्या देशांचे अर्थमंत्री) बैठकीत मांडलेला, दोन भागांचा कराराचा मसुदा स्वीकारावा का?' पुढे त्या दोन भागांची शीर्षकं होती. एक सुधारणांचं, दुसरं कर्ज पेलवेल का याच्या प्राथमिक विश्लेषणाचं. मग दोन चौकोन. वर 'नाही', खाली 'होय'.

मी तिथला मतदार असतो तर 'नाही'लाच मत दिलं असतं. तरीही हा प्रश्न न्याय्य नव्हता असं माझं ठाम मत आहे, आणि 'नाही'वाल्यांनीच ते आधी बोलून दाखवायला हवं होतं.

'नाही' वर छापणं किंवा शीर्षकांची बोजड भाषा यांचा मी फार बाऊ करत नाही. 'नाही' म्हटलं तर पुढे काय होणार, हे कुठेच ठरलेलं नव्हतं, ही खरी अडचण. पंतप्रधान त्सिप्रास सांगत होते की 'नाही' मिळालं तर वाटाघाटीत आपली बाजू बळकट होईल. युरोपातले बडे नेते सांगत होते की 'नाही' म्हणजे युरोलाच नाही. दोन अगदी वेगळी मतं एकाच चौकोनात जमा झाली. त्यात मसुदा २५ जूनचा. २६ जूनला त्याची सुधारित आवृत्ती तयार होती आणि ३० जूनला आधीच्या बेलआउट कार्यक्रमाची मुदतच संपली. मतदानाच्या दिवशी तो प्रस्ताव अस्तित्वातच नव्हता!

निवृत्त बँकर

पूर्ण असहमत. २०१० पासून पाच वर्षं त्या लोकांनी दोन बेलआउट अंगावर काढले होते. बेकारी २५ टक्क्यांच्या वर. प्रस्तावात काय होतं हे त्यांना शीर्षकावरून कळायची गरज नव्हती: निवृत्तीचं वय २०२२ पर्यंत ६७, अल्प पेन्शनवाल्यांना मिळणारा पूरक भत्ता टप्प्याटप्प्याने बंद, पेन्शनमधून आरोग्यासाठी होणारी कपात ४ वरून ६ टक्के, हॉटेलातल्या जेवणावर २३ टक्के व्हॅट. ज्याच्या घरात पेन्शनर आहे त्याला हे पाठ होतं. मतदाराला काही कळत नव्हतं असं मानून चर्चा सुरू करणं मला मान्य नाही.

अन्याय शोधायचाच असेल तर तो मतपत्रिकेबाहेर शोधा. २८ जूनला युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांच्या आपत्कालीन कर्जाची मर्यादा वाढवायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून बँका बंद. एटीएममधून दिवसाला ६० युरो. ज्या म्हाताऱ्यांकडे कार्ड नव्हतं त्यांच्यासाठी काही शाखा उघडल्या, तिथे पहाटेपासून रांगा. मी आयुष्यभर बँकेत काढलंय. खातेदाराला स्वतःचे पैसे मिळेनासे झाले की तो कसा घाबरतो हे मला सांगायला नको. त्या आठवड्यात लोकांवर 'होय' म्हणण्यासाठी केवढा दबाव होता! तरी ६१.३१ टक्के लोक 'नाही' म्हणाले. यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणतं हवं?

मांडवीकाठ

बँकर काका, उत्तर स्पष्ट असलं म्हणजे प्रश्न बरोबर होता असं होत नाही. आम्हा गोवेकरांना याचा अनुभव आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दोनच पर्याय होते: महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. पण स्वतंत्र राज्य हा पर्यायच नव्हता, त्यासाठी १९८७ उजाडावं लागलं. (त्या कौलाआधी बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता, म्हणजे सत्तेतल्या पक्षाच्या हाती यंत्रणा राहू नये. अथेन्समध्ये मात्र प्रश्न सरकारनेच लिहिला आणि 'नाही'चा प्रचारही सरकारच करत होतं.)

ग्रीसमध्येही तिसरा पर्याय गाळला गेला: अटी काही प्रमाणात मान्य, पण कर्जात सूट हवी. हा काही माझ्या मनाचा पर्याय नाही. २ जुलैला, मतदानाला तीन दिवस असताना, नाणेनिधीनेच अहवाल काढून सांगितलं की सवलतीशिवाय हे कर्ज पेलणार नाही. आणि मतदानाच्याच आठवड्यात त्सिप्रास यांनी धनकोंना पत्र लिहून बहुतेक अटी काही बदलांसह मान्य केल्या होत्या, उदाहरणार्थ बेटांवरची व्हॅटची सवलत ठेवा म्हणून. जो पर्याय सरकार स्वतः मागत होतं तो मतदाराला का दिला नाही?

ऋतुजा_व

थोडी कायद्याची बाजू. ग्रीक राज्यघटनेच्या ४४ व्या कलमात सार्वमताचे दोन मार्ग आहेत: अत्यंत महत्त्वाचे राष्ट्रीय प्रश्न, किंवा संसदेने मंजूर केलेली सामाजिक विधेयकं. दुसऱ्यातून आर्थिक विधेयकं वगळली आहेत. सरकारने पहिला मार्ग धरला आणि संसदेने तो १७८ विरुद्ध १२० मतांनी मंजूर केला. ३ जुलैला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने याचिका फेटाळली. तेव्हा बेकायदा म्हणता येणार नाही.

पण कायदेशीर म्हणजे न्याय्य नव्हे. मतदानाआधी निदान दोन आठवडे मतदारांपर्यंत माहिती पोहोचली पाहिजे, असं युरोप परिषदेचा व्हेनिस आयोग (राज्यघटनेच्या प्रश्नांवर सल्ला देणारं मंडळ) सांगतो. इथे २७ जूनच्या पहाटे घोषणा आणि ५ जुलैला मतदान. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या २०१४ च्या सार्वमतात ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने प्रश्न आधी लोकांवर तपासून पाहिला आणि 'तुम्हाला मान्य आहे का' ही सुरुवात काढायला लावली, कारण ती 'हो'कडे झुकवत होती. ग्रीसमध्ये हे करायला वेळच नव्हता.

निवृत्त बँकर

ऋतुजाताई, ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमतातही प्रश्न त्याच आयोगाने तपासला होता. अगदी स्वच्छ भाषा: युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. आणि मग बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय, यावर त्यांची संसद तीन वर्षं भांडली. चांगल्या शब्दरचनेने तुमचा प्रश्न सुटत नाही.

कोरापान

काका, हा मुद्दा मानतो. नुसत्या शब्दांनी भागत नाही. म्हणूनच आइसलँडकडे बघा. तिथे बुडालेल्या बँकेच्या ब्रिटिश आणि डच ठेवीदारांचे पैसे परत करण्याच्या हमीचा कायदा संसदेने आधी मंजूर केला, राष्ट्राध्यक्ष ग्रिमसन यांनी सही नाकारली, आणि मार्च २०१० मध्ये लोकांना विचारलं: हा कायदा लागू राहावा का? 'नाही' म्हणजे कायदा रद्द. बस. ९० टक्क्यांहून जास्त लोक 'नाही' म्हणाले आणि तो कायदा रद्द झाला. २०११ मध्ये नव्या अटींवर पुन्हा तसंच. तिथे मतदाराच्या हातात खरोखर काही होतं.

ग्रीसमध्ये १३ जुलैला, म्हणजे आठ दिवसांत, त्सिप्रास यांनी नव्या बेलआउटच्या अटी मान्य केल्या. नाकारलेल्या प्रस्तावापेक्षा त्या बऱ्याच बाबतींत कडक होत्या. कर्ज ८६ अब्ज युरोपर्यंत. आणि प्रश्नाची रचनाच अशी की याला जनमताचा भंगही म्हणता येत नाही. लोकांनी २५ जूनचा मसुदा नाकारला, हा मसुदा वेगळा! मला राग येतो तो याचा.

निवृत्त बँकर

राग मलाही आहे, पण तो प्रश्नावर नाही. तिजोरी रिकामी, बँका बंद, अशा सरकारपुढे आइसलँडसारखा कायदा ठेवला असता तरी धनकोंनी तेच केलं असतं. आइसलँडकडे स्वतःचं चलन होतं, ग्रीसकडे नव्हतं. आणि २० सप्टेंबरला, सगळं उघड झाल्यावर, त्याच त्सिप्रासना ग्रीक मतदारांनी ३५ टक्क्यांवर मतं देऊन परत निवडून दिलं. आपली फसवणूक झाली असं वाटलं असतं तर दिलं असतं का?

मांडवीकाठ

काका, सार्वमताला ६२.५ टक्के मतदान झालं होतं. सप्टेंबरमध्ये ते ५७ टक्क्यांच्याही खाली आलं. जे घरी बसले, त्यांनाही या हिशोबात धरा.