गजकर्ण पुन्हा पुन्हा का उठते?

प्रश्न : पावसाळा सुरू झाल्यापासून माझ्या जांघेत आणि कमरेवर, नेमके नाडी बांधतो तिथे, लाल कडांचे गोल चट्टे उठले आहेत. दुकानातून आणलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, पण मलम सोडताच चट्टे आधीपेक्षा मोठे होऊन परततात. काय करावे?

उत्तर १ : ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे नाव आहे का, ते कृपया आधी पाहा. ही स्टेरॉइडे लाली आणि खाज दाबतात, गजकर्ण ज्या बुरशीमुळे होते ती मात्र पसरतच राहते. शिवाय जांघेतली मुळातच नाजूक कातडी पातळ होऊन तिथे कायमचे वळ पडू शकतात.

उत्तर २ : मला वर्षभर हाच त्रास होता. त्वचारोगतज्ज्ञांनी घरातल्या सर्वांना तपासले, तेव्हा पत्नीलाही गजकर्ण निघाले. आमचा टॉवेल एकच होता. चट्टे दिसेनासे झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध चालू ठेवले आणि दमट राहिलेल्या कपड्यांवर इस्त्री फिरवूनच ते वापरले.

प्रश्नकर्ता : ट्यूबवर क्लोबेटासोलच आहे. उद्याच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवतो.