हरिश्चंद्रगडावर मुक्काम, सोबत कुत्री: मदत हवी आहे

मंडळी, डिसेंबरात मित्रांसोबत हरिश्चंद्रगडावर मुक्काम ठरतोय, पाचनई गावाकडच्या सोप्या वाटेनेच चढणार कारण सोबत आमची चिंगी आहे, गावठी कुत्री, एकदम चपळ, पण नळीची वाट, म्हणजे गडावर जाणारी घळीतली खडी अवघड वाट, तिला घेऊन शक्यच नाही. अडचण अशी की गडावरच्या कोकणकड्याकडे सगळा कातळ, टेन्टचे पेग ठोकायला माती कमीच आणि वारा तर रात्रभर भणाणतो. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधून टेन्ट टिकतो का, की सरळ मंदिराच्या बाजूला आडोसा बघावा? वाऱ्यात स्टोव्हला आडोसा कशाचा करता? पिठलं-भात स्वतःच करायचाय, त्याशिवाय मजा नाही. आणि चिंगीच्या पंजांना कातळाचा त्रास होईल का, रात्री थंडीत तिला टेन्टमध्येच घ्यावं ना? कुणी कुत्रा नेला असेल तर प्लीज सविस्तर सांगा, तिला घरी ठेवून जायचं मनच होत नाहीये.